रुलफीनची बावीस मिनिटं

रुलफीन होव्हिंग आकडे बनवते, असं कुणीतरी कागदावर लिहिल्याचं मला कळलं तेव्हा मी एका चंबूचा गळा ओढत होतो. तो माझ्या हातातच फुटला. चाळीस वर्षं काच फुंकतोय मी. रागापायी तीनच भांडी फोडली आहेत. पहिली दोन बायकोच्या भावामुळे, आणि तिसरं हे.

मी डेर्क. उत्तरेकडच्या डच मुलखात, फेनडामला आमची संस्था आहे, तिच्या तळमजल्यावर माझी काचशाळा. वरचे तीन मजले शहाण्या माणसांनी भरलेले. त्यांना जी भांडी बाजारात मिळत नाहीत ती मी करून देतो. बाजारात न मिळणारी अक्कलही अधूनमधून देऊ करतो, पण ती कुणी घेत नाही. शिवाय कॉफीचं टेबल माझ्याकडे. सकाळी दहा आणि दुपारी तीन. जिन्यात मी फुंकलेली काचेची घंटा टांगलेली आहे. ती वाजवली की तिन्ही मजले खाली उतरतात. माणशी एक बिस्कीट. डबा उघडतो, फिरतो, बंद होतो. दुसरं बिस्कीट मागणारा माणूस आमच्याकडे तोवर जन्माला आला नव्हता. कॉफीला कुणी आलं नाही तर त्याच्या घरी काही बरंवाईट झालं का, याची चौकशी करायला माणूस वर पाठवतो आम्ही.

रुलफीन तिसऱ्या मजल्यावर. प्रयोगशाळेतली सहायिका, एकतीस वर्षं. सहा फुटांची बाई, अंगावर चिमटा काढायला मांस नाही आणि जिभेला हाड नाही. रोज अकरा किलोमीटर सायकल मारत यायची. वारा येताना तोंडावर आणि जातानाही तोंडावर. आमच्याकडे वारा माणसाबरोबर वळतो. कामाला लाकडी बूट घालायची. नियमात बसतात ते, मी वाचून पाहिलंय. त्या खटखटीवरून बाई कुठल्या पायरीवर आहे ते मला खाली बसून कळायचं.

तिचं काम ऐकायला सोपं. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीसारखे रेणू. तिच्याकडच्या साखळ्यांचं एक टोक पाण्यावर जीव टाकणारं आणि दुसरं लहरी. पाणी आंबट आहे तोवर लहरी टोकही शहाण्यासारखं विरघळून राहतं. पण पाण्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब टाकून आंबटपणा मारत नेला, की एका ठरावीक सामूला, म्हणजे पीएचला, त्याचं डोकं फिरतं. त्याला पाणी नजरेसमोर नको होतं. आता पाण्यात बुडालेल्याने पाण्यावर रुसून जायचं कुठे? मग या साखळ्या आपली लहरी टोकं एकमेकींत खुपसतात, पाणीवेडी टोकं पाण्याकडे ठेवतात, आणि कुणी न सांगता त्यांच्या इवल्याशा पोकळ पिशव्या बनतात. त्या पिशव्यांत औषध भरायचं. शरीरात जिथे पुन्हा आंबट जागा लागेल तिथे पिशवी सुटते आणि औषध सांडतं, अशी सगळी कल्पना.

डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. जमलं तर बीकरमधल्या पाण्यावर निळसर झाक येते, पातळ दुधावर येते तशी. फसलं तर नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तळाशी बसतात. आणि रुलफीनचं दूध तीन वर्षांत एकदाही नासलं नव्हतं.

या निळ्या दुधावर आमचे प्राध्यापक डीडेरिक फान आसेल्ट मोठे झाले. माणूस वाईट नाही. घाबरट आहे. त्याने लेख छापला, जगभर भाषणं केली, छातीवर नावाचे बिल्ले लावून फोटो काढून घेतले. लेखावर पाच नावं होती. त्यातल्या एका गृहस्थाने तो बीकर पाहिलाही नव्हता. रुलफीनचं नाव नव्हतं. सहायकांचं नसतंच, त्यात तिला काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं, पण मला कोण विचारतो!

मग स्वित्झर्लंडच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. त्यांनी लेखात लिहिल्याप्रमाणे पुष्कळदा करून पाहिलं, दर वेळी नासतं, कृपया मार्गदर्शन करावं. डीडेरिकने मार्गदर्शन म्हणून आपलं पॉलिमर पाठवलं. नासलं. मग त्याला वाटलं पाण्यात काही असेल, म्हणून दोन कॅन भरून आमचं पाणी पाठवलं. डोंगरातल्या लोकांना फेनडामहून पाणी! तेही नासलं. मग मी फुंकलेला बीकर पाठवला, गवतात गुंडाळून. बीकर धडधाकट पोचला आणि त्यातलं दूध नासलं.

तेव्हा डीडेरिक स्वतः करायला बसला. आणि अहो, काय सांगू, त्याचंही नासलं! आमच्याच मजल्यावर, आमच्याच भांड्यात. फक्त रुलफीनच्या हातचं तेवढं निळं. डीडेरिक तिच्यामागे वही घेऊन हिंडायला लागला.

“रुलफीन, तू काय वेगळं करतेस?”

“काही नाही. तू लिहिलंयस तेच.”

“तू गुणगुणतेस. काय गुणगुणतेस?”

“रविवारचं स्तोत्र. का, तुलाही प्रभू आठवला का आता?”

त्याने स्तोत्र लिहून घेतलं. तिच्या हाताच्या मलमाची डबी प्रयोगशाळेत तपासायला दिली. ती डावखुरी म्हणून आठवडाभर डाव्या हाताने थेंब टाकले. शेवटी एका सकाळी हा संस्थेचा प्राध्यापक तिचा अॅप्रन आणि तिचे लाकडी बूट घालून, बेसूर आवाजात स्तोत्र म्हणत ब्युरेटपाशी, त्या थेंब सोडायच्या नळीपाशी, उभा राहिला. बूट त्याला दोन बोटं मोठे होत होते. नऊ वाजल्यापासून साडेअकरापर्यंत हलला नाही. मी घंटा वाजवली तर जिन्यातून ओरडला, “मी येणार नाही, मी संशोधन करतोय!” रुलफीन बिचारी मोजे घालून खाली आली आणि कॉफी पीत म्हणाली, “वर माझं भूत उभं आहे, आणि ते गातंय.” आम्ही पोट धरून हसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण तेव्हा तो कळसा आम्हां कुणालाच दिसला नाही, मलाही नाही, हे कबूल करतो.

हसणं तिथेच संपलं. संशोधनातली लबाडी तपासणाऱ्या सचोटी समितीचं पत्र आलं. प्रयोग जगात कुणालाच जमत नसेल तर आकडे आले कुठून, असा त्यांचा सरळ प्रश्न. डीडेरिकने उत्तरात एक ओळ लिहिली: सर्व मोजमापं तांत्रिक सहायिका श्रीमती होव्हिंग यांनी केलेली आहेत. बघा हं. मान घ्यायला पाच नावं, आणि मान द्यायची वेळ आली तेव्हा हिचं एकटीचं नाव पुढे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चंबू फुटला तो तेव्हाच.

रुलफीन संध्याकाळी काचशाळेत आली. तिच्या निवृत्तीला सात आठवडे राहिले होते.

“तो भित्रा आहे रे, जाऊ दे,” ती म्हणाली. “पण डेर्क, मी एकतीस वर्षांत एक आकडा सजवला नाही. दशांशसुद्धा नाही. आता मी खोटारडी म्हणून घरी जायचं?”

“निरोपसमारंभात मी सांगेन ना सगळ्यांसमोर—”

“निरोपसमारंभ नाही. मी कळवलंय तसं. खोटारडीला फुलं देत नाहीत.”

एवढंच होतं बघा. पैसा नको होता तिला, मान नको होता, लेखावर नाव नको होतं. आपण खोटारडे नाही एवढं त्या सात आठवड्यांत ठरायला हवं होतं.

समितीची तीन माणसं आली. अध्यक्ष होत्या ओव्हरडीपबाई, दक्षिणेकडच्या, निवृत्त प्राध्यापिका, बुटक्या, आणि नजर अशी की चष्म्याची काच तापावी. बाकीचे दोघे त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचे आणि मान हलवायचे. ठरलं असं की रुलफीनने त्यांच्यासमोर प्रयोग करायचा, दोन दिवस, दोनदा.

“काम संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही,” ओव्हरडीपबाई म्हणाल्या. “नजरेआड एक क्षणही काही होता कामा नये. बाई, तुमच्यावर राग नाही हं. नियम आहे.”

“नियम असला तर पाळा की,” रुलफीन म्हणाली.

मी दाराच्या काचेतून पाहत होतो. एक नळी बदलायचं निमित्त काढून वर गेलो होतो; ती नळी चांगली होती. रुलफीनने नेहमीप्रमाणे सव्वानऊला सुरू केलं. थेंब, थेंब, थेंब. सामू चढत होता. दहा वाजता खाली कुणीतरी माझ्याऐवजी घंटा वाजवली. रुलफीनचा हात आपसूक ब्युरेटच्या चावीकडे गेला.

“का थांबलात?” ओव्हरडीपबाई.

“दहा वाजले.”

“मग?”

रुलफीन त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काही नाही,” आणि पुढचा थेंब टाकला.

सव्वाअकराला बीकरच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. डीडेरिक खिडकीतून बाहेर असा बघत होता जसा काही तो चुकून या इमारतीत आलाय. ओव्हरडीपबाईंनी वहीत एक ओळ लिहिली, आणि ती फार लांब नव्हती.

दुपारी रुलफीन माझ्याकडे येऊन स्टुलावर बसली. लाकडी बूट काढून मांडीवर घेतले होते. का ते तिलाही माहीत नसावं.

“डेर्क,” ती म्हणाली, “कदाचित मीच काहीतरी करत असेन.”

“म्हणजे?”

“नकळत. कुणी बघत नसताना. मनात नसताना हात काहीतरी टाकत असतील. माझी आत्या शेवटी शेवटी साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवायची आणि शपथेवर नाही म्हणायची.”

लोकांनी तिला खोटारडी म्हटलं तेव्हा मला राग आला होता. पण ही बाई स्वतःच स्वतःला तसं म्हणायला लागली, हे मला सहनच झालं नाही. मी तिला काहीबाही बोललो. वेडी आहेस, मूर्ख आहेस, घरी जा, झोप. ती गेल्यावर मी बर्नर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता घंटा मी स्वतः वाजवली. बाकीचे आले. तिसऱ्या मजल्यावरून कुणी नाही. मी डबा उघडला. पाच बिस्किटं जास्त. आदल्या दिवशीही पाच उरली होती, ती शिळी होऊन आत पडलीच होती. मी त्या दहा बिस्किटांकडे पाहिलं आणि माझं डोकंच सटकलं. खरं सांगतो, मला विज्ञानातलं काहीही सुचलं नव्हतं. तसं नंतर लोक म्हणायला लागले, मी नाही म्हणत नाही, पण सुचलं नव्हतं. मी जिना चढलो तो निव्वळ रागाने.

दार उघडून आत गेलो तर पाचही जण त्या बीकरभोवती, बाळंतिणीभोवती उभे राहावं तसे.

“दहा वाजले!” मी ओरडलो.

“प्रयोग चालू आहे,” ओव्हरडीपबाई म्हणाल्या.

“मग तो काय पळून जातोय? कालही आला नाहीत. ही बाई कालपर्यंत एकतीस वर्षं एक दिवस कॉफीला चुकली नाही, आजारी असताना आली, सासरा वारला त्या दिवशी आली आणि मग मयताला गेली. आणि तुम्ही पाहुणे होऊन आमच्या टेबलावर पाठ फिरवता? हे कुठल्या गावचं वागणं? तुमच्या दक्षिणेकडे चालत असेल!”

ओव्हरडीपबाई लाल झाल्या. या देशात माणसाला चोर म्हटलं तर तो वकील गाठतो. पण कॉफीला बोलावल्यावर येत नाही म्हटलं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

“पण नजरेआड...” उजवीकडचा पुटपुटला.

“मग दाराला कुलूप लावा! किल्ली खिशात घाला! फटीवर चिकटपट्टी लावा, तिच्यावर सह्या करा, अंगठे उठवा! पण खाली चला!”

रुलफीनने माझ्याकडे बघितलं, चावी बंद केली आणि हात पुसले. सामू होता सहा पॉइंट दोन. ओव्हरडीपबाईंनी खरोखरच कुलूप लावलं, चिकटपट्टी लावली, तिघांनी सह्या केल्या, आणि आम्ही रांगेने खाली उतरलो, पुढे लाकडी बूट खटखटत.

त्या कॉफीइतकी शांत कॉफी मी पाहिलेली नाही. डबा फिरला, एकेक बिस्कीट गेलं. ओव्हरडीपबाईंनी आपलं संपवलं आणि म्हणाल्या, “आणखी एक मिळेल?” टेबलावरची पंधरा माणसं एकदम आपापल्या कपात बघायला लागली. उरलेली होतीच म्हणून मी दिलं. शिळं दिलं.

वर गेलो. सह्या शाबूत, चिकटपट्टी शाबूत. रुलफीनने चावी उघडली. थेंब, थेंब. मी आता उघडपणे आत उभा होतो. मला बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. पंधराव्या की सोळाव्या थेंबाला पाण्यावर काहीतरी हललं. मग बीकरच्या कडेने निळसर झाक चढत गेली, हळूहळू, आणि सगळं पाणी निळं दूध झालं.

“बूट!” डीडेरिक ओरडला. “आज तिने बूट घातलेत! काल...”

“कालही घातले होते,” रुलफीन म्हणाली. “तू खिडकीबाहेर बघत होतास.”

ओव्हरडीपबाईंनी रुलफीनच्या तीन वर्षांच्या वह्या मागवल्या आणि तिथेच स्टुलावर बसून पानं उलटायला लागल्या. बोट एका रकान्यावर खाली खाली सरकत होतं. नऊ अठ्ठावन्न, सहा पॉइंट दोन. पुढची नोंद दहा वीस. दुसऱ्या पानावर नऊ एकोणसाठ, सहा पॉइंट दोन. पुढची दहा एकवीस. असं पानामागून पान.

“बाई,” त्या म्हणाल्या, “या दोन नोंदींच्या मध्ये रोज बावीस मिनिटं काय होत होतं?”

“कॉफी,” रुलफीन म्हणाली.

“ते कुठेच लिहिलेलं नाही.”

“कॉफी लिहायची असते? मग श्वास घेतला तेही लिहू का? संडासला गेले ते?”

ओव्हरडीपबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता ही बाई चिडणार. ती हसायला लागली. दोघे सदस्य आधी मान हलवत होते, मग त्यांना कळलं की हसायचं आहे.

मग ओव्हरडीपबाईंनीच समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. सहा पॉइंट दोनला साखळ्या अगदी उंबऱ्यावर असतात. लहरी टोक रुसायला लागलेलं असतं पण पुरतं रुसलेलं नसतं. तिथे त्यांना वेळ दिला तर त्या एकमेकींना चाचपतात, जागा बदलतात, शेजारीण पटली नाही तर उठून दुसरीकडे जातात, आणि नीट पिशवी होऊन बसतात. वेळ दिला नाही, थेंबावर थेंब टाकत गेलं, की सगळ्या एकदम रुसतात आणि मिळेल तिच्या गळ्यात पडतात. त्याचा होतो गाळ. मन लावून, जागचं न हलता काम करणाऱ्या प्रत्येकाचा गाळ झाला होता.

पण सचोटी समिती ती. एवढ्यावर कशी सोडेल? कॉफीच कारण आहे की नुसता वेळ, हे ठरवायला हवं असं डावीकडच्याने पहिल्यांदाच तोंड उघडून सांगितलं. मग आठवडाभर संस्थेत रीतसर चाचण्या झाल्या. एकदा सगळ्यांनी कॉफीऐवजी चहा घेतला. एकदा बिस्किटाशिवाय. एकदा बावीस मिनिटं सगळे टेबलाभोवती रिकामे कप घेऊन बसले आणि उजवीकडचा घड्याळ धरून उभा राहिला. दर वेळी दूध निळंच. “कॉफी अनावश्यक, विराम आवश्यक,” असं अहवालात आलं. त्या वाक्यातला पहिला भाग मला अजून मान्य नाही.

आता झालेलं प्रकरण छापून दुरुस्त करायचं होतं. डीडेरिकला एकदम तरतरी आली. त्याने मसुदा केला: ‘नियंत्रित विरामाचे महत्त्व आमच्या गटाच्या लक्षात आले आहे.’ आमच्या गटाच्या! चोराच्या उलट्या बोंबा. आणि मूळ चुकीबद्दल त्याने लिहिलं होतं, ‘नोंदीतील एक त्रुटी’. कुणाची, ते नाही. हे मात्र त्याने रुलफीनवर उपकार म्हणून केलं होतं. कॉफीच्या टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “तुझं नाव कुठेही येणार नाही, रुलफीन. मी बघितलंय ते.”

“घाल,” ती म्हणाली.

“काय?”

“नाव घाल. चूक माझी आहे. मी विराम लिहिला नाही. सहायिका रुलफीन होव्हिंग यांनी नोंदवहीत कॉफीचा विराम लिहिला नाही. असं घाल.”

“अगं पण जगभर वाचलं जाईल ते! तुझं नाव आजवर कुठे छापून आलं नाही, आणि आलं ते चुकीखाली?”

“अगं बाई,” मीही म्हणालो, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“तुम्हां दोघांना कळत नाही,” ती म्हणाली. “इतके दिवस लोक म्हणत होते की बाई खोटारडी. आता तुम्ही ‘एक त्रुटी’ म्हणणार. मग लोक म्हणतील, त्रुटी म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक आहे, झाकलंय. मी विसरले. विसराळू म्हणा मला, खुशाल म्हणा, ते खरं आहे. आणि ‘सहायिका’ लिहा. मी प्राध्यापक नाही.”

ओव्हरडीपबाईंनी तिची बाजू घेतली, म्हणून छापून आलं. अक्षर न् अक्षर तिने सांगितलं तसं. रुलफीन होव्हिंग, सहायिका. एकतीस वर्षांत पहिल्यांदा छापलेलं नाव, तेही चुकीच्या खाली. मी तो कागद वाचून दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. ती मात्र समाधानात होती. निरोपसमारंभाला हो म्हणाली. मला घंटेसारखाच एक मोठा काचेचा वाडगा करायला सांगितला, समारंभात वाढायच्या मनुकांच्या लापशीसाठी.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात तिच्या नावाचं पत्र आलं, स्वित्झर्लंडहून. संस्थेच्या पत्त्यावर तिच्या नावाने कधी काही येत नसे, म्हणून मी ते दहाच्या कॉफीला स्वतः तिच्या हातात दिलं. सगळ्यांना वाटलं तिकडच्या प्राध्यापकाचं असेल. पत्र हाताने लिहिलेलं होतं, मोडक्यातोडक्या डच भाषेत. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

‘तुम्ही मला ओळखत नाही. मी रेगुला आम्श्टुट्झ, इथली सहायिका. तुमचा प्रयोग इथे मी करत होते. चौदा वेळा केला. दर वेळी साहेब म्हणाले, रेगुला, तुझे हात. चौदाव्या वेळेनंतर त्यांनी मला टेबलावरून उठवलं आणि बाटल्या धुवायला बसवलं. तुमचं पॉलिमर आलं, पाणी आलं, सुंदर बीकर आला. ते सगळं दुसऱ्यांना दिलं. त्यांचंही फसलं, पण हात खराब ते माझेच ठरलेले. आता तुमची दुरुस्ती वाचली. नुसती त्रुटी म्हणून लिहिलं असतं तर साहेबांनी वाचून बाजूला ठेवलं असतं. पण त्यात तुमचं नाव आहे, आणि पुढे सहायिका लिहिलंय. म्हणून मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, बघा, तिकडची सहायिका सांगतेय, चूक तिची होती. माझे हात चांगले आहेत. काल मी बावीस मिनिटं थांबून केलं. निळं आलं. आज मी परत माझ्या टेबलावर आहे.’

खाली सही होती.

“चौदा वेळा,” रुलफीन म्हणाली. “डेर्क, मी एकदाच नासवलं तर एका दुपारीच वेडी व्हायची वेळ आली होती माझ्यावर. या बाईला चौदा वेळा ऐकवलं. आणि चूक माझी.”



रुलफीनने पत्र उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि लिफाफा डोळ्यांजवळ धरला.

“मला एक कागद द्या रे कुणीतरी,” ती म्हणाली. “आणि डेर्क, तू तिचा पत्ता वाचून दाखव. मला दिसत नाहीये.”